यंत्रांची खांदेमळणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलायचे म्हणजे विषय कसा भारदस्त हवा. मागे आहारावर भाषण झाले, त्याआधी मुलींच्या शिक्षणावर झाले. यंदा चिटणीसबाईंनी मला विचारले, "तुमचा विषय काय लिहू?" मी म्हटले, "गवत कापायचे यंत्र, फवारणीचा पंप आणि लाकडाची करवत कशी पुसावी, हे लिहा." त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि माझ्याकडे नुसते पाहिले. त्यांना वाटले, मी थट्टा करते आहे. पण मी थट्टा करीत नव्हते. या विषयावर बोलायचे एक देणे माझ्या अंगावर आहे. ते काय, ते पुढे ओघाने येईलच.

आपल्या मंडळाच्या खोलीत आज तीन यंत्रे आहेत. एक बांधावरचे गवत कापायचे, एक पाठीवर घ्यायचा पेट्रोलचा फवारणी पंप, आणि एक साखळीची करवत, जिला दुकानदार चेनसॉ म्हणतो. तिन्ही आपण बचतीच्या पैशांतून घेतली. शिवाय तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या गोठ्यात कडबाकुट्टी आहे. ही यंत्रे आली आणि आपले कष्ट कमी झाले, यात शंका नाही. परंतु यंत्र घरात आणणे वेगळे आणि ते नांदवणे वेगळे, हे आपल्याला उशिरा कळले.

बैलाचे कसे असते पाहा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण त्याची खांदेमळणी करतो. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसले, त्या खांद्याला हळद नि लोणी चोळतो. बैल बोलत नाही, तरी त्याचा खांदा दुखत असेल हे आपल्याला कळते. यंत्रही बोलत नाही. त्याला खांडेनवमीला आपण हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो, नारळ फोडतो. मात्र त्याच्या हवेच्या जाळीत वर्षभराची माती साचली आहे, ती झटकायचे कोणाच्या मनात येत नाही. पूजा झाली, पण खांदेमळणी राहिली.

आता माझे देणे सांगते.

आपले गवताचे यंत्र नवे होते तेव्हाची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. सोयाबीनच्या बांधावर गुडघाभर गवत माजले होते. आपल्यातली एक तरुण मुलगी, नवरा वारलेली, पदरी दोन लेकरे, हे यंत्र मंडळाकडून भाड्याने घेऊन लोकांचे बांध साफ करून देई आणि त्यावर घर चालवी. एके दिवशी तिच्या आधी यंत्र माझ्याकडे होते. त्याच सकाळी मी फवारणीचा पंप भरला होता आणि डब्यात थोडे पेट्रोल उरले होते. मी विचार केला, पेट्रोल ते पेट्रोल, वाया का घालवायचे? ते मी गवताच्या यंत्रात ओतले, झाकण लावले आणि यंत्र खोलीत ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी ती यंत्र घेऊन गेली. पाव तास चालले आणि कर्रकन आवाज होऊन जागच्या जागी चिकटले. दोरी ओढता येईना. तालुक्याच्या कारागिराने ते उघडले. पिस्टनवर उभे ओरखडे पडले होते. तो म्हणाला, "यात तेल नव्हतंच. कोरं पेट्रोल घातलंय कुणीतरी."

मंडळाची बैठक बसली. शेवटी यंत्र तिच्याच हातात होते, म्हणून चूक तिची ठरली. ती एवढेच म्हणाली, "काकू, टाकी आधीच भरलेली होती. मी तर नुसती दोरी ओढली." तिने हे माझ्याकडे पाहूनच म्हटले होते. आणि मी, जिला सगळे ठाऊक होते, ती मी गप्प बसले. दीड महिना गप्प बसले. त्या दीड महिन्यात ऐन गवताचा हंगाम निघून गेला, तिची मिळकत बुडाली आणि तिने मंडळात येणे सोडले.

पुढे मी बैठकीत सगळे कबूल केले. शेळीची एक पाठ विकून दुरुस्तीचे पैसे भरले, तिच्याकडून घेतलेली दंडाची रक्कम तिला परत देवविली. पण बैठकीला तेव्हा थोड्याच बायका होत्या. तिच्या नावाला जो डाग गावभर लागला होता, तो गावासमोरच धुतला पाहिजे, म्हणून आज हे मांडवात सांगते आहे आणि स्मरणिकेत छापायला देणार आहे. यंत्र तिने बिघडवले नव्हते. मी बिघडवले होते. आज आपल्या यंत्रांची खोली तीच सांभाळते, आणि पुढे जे मी सांगणार आहे त्यातले निम्मे मी तिच्याकडूनच शिकले.

आता ती चूक काय होती, ते नीट समजून घेऊ. कारण समजल्याशिवाय नियम पाळला जात नाही.

लहान इंजिने दोन जातीची असतात. एक चार फेऱ्यांचे, ज्याला फोर-स्ट्रोक म्हणतात. आपला फवारणीचा पंप तसा आहे. मोटारसायकलीसारखे त्यात इंजिनचे तेल वेगळे भरतात आणि पेट्रोल कोरे घालतात. दुसरे दोन फेऱ्यांचे, टू-स्ट्रोक. आपले गवताचे यंत्र आणि करवत या जातीची आहेत. या इंजिनाच्या पोटात तेलाची वेगळी जागाच नसते. पेट्रोल इंजिनाच्या पोटातूनच वर जाते, आणि जाताजाता त्यात मिसळलेले तेल पिस्टनला नि बेअरिंगला लागते. म्हणजे या यंत्राचे खाणे आणि वंगण एकाच ताटात वाढलेले असते. तेल विसरले, की लोखंडावर लोखंड घासते, तापते, फुगते आणि चिकटते.

तेल किती घालायचे? यंत्राच्या पुस्तकात लिहिलेले असते, तेच खरे. चांगल्या टू-स्ट्रोक तेलाचे प्रमाण पुष्कळ ठिकाणी पन्नासास एक असते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर. काही यंत्रांना पंचवीसास एक लागते, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर. "थोडे जास्त घातले तर बरेच" असे समजू नये. जास्त तेलाने धूर होतो, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरची वाट काजळीने बुजते. औषधाच्या बाटलीचे मापाचे झाकण असते ना, तसले एक माप या कामासाठीच खुंटीला बांधून ठेवावे. ते पुन्हा औषधाला वापरू नये. मिश्रण वेगळ्या डब्यात करावे, डबा हलवावा, मग यंत्रात ओतावे.

माझ्या चुकीनंतर मंडळाने डब्यांचा नियम केला. कोऱ्या पेट्रोलचा डबा पांढरा, तेल मिसळलेल्याचा लाल. लाल डब्याला सुतळी बांधलेली आहे, म्हणजे अंधारात हाताला कळावे आणि जिला वाचता येत नाही तिलाही कळावे. गवताच्या यंत्राच्या नि करवतीच्या झाकणालाही तशीच सुतळी आहे. सुतळीचे सुतळीत, हा आमचा मंत्र. नियम साधा आहे, पण त्याची किंमत एका बाईच्या हंगामाएवढी पडली आहे, हे विसरू नका.

पेट्रोलबद्दल आणखी एक गोष्ट. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते उसापासूनही होते. आपल्याच भागातल्या उसाचा अंश त्यात असेल. शेतकऱ्याला त्यात चार पैसे मिळतात हे चांगले. पण इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि पाणी फार झाले की ते दोन्ही तळाशी वेगळे साचतात. छोट्या इंजिनांच्या कित्येक पुस्तकांत १० टक्क्यांहून अधिक इथेनॉल नको असे छापलेले असते. आपल्याला निवड नसेल तर निदान एवढे करावे: पेट्रोल थोडे आणावे, ताजे वापरावे, मिसळलेले पेट्रोल महिन्याच्या वर ठेवू नये, आणि हंगाम संपला की टाकीत थेंब ठेवू नये. शिळी भाकरी आपण कालवून खाऊ, पण यंत्राला शिळे चालत नाही.

खाण्यानंतर श्वास. यंत्राला हवा लागते, आणि ती हवा एका जाळीतून गाळून आत जाते. तिला एअर फिल्टर म्हणतात. आपल्या काळ्या रानातली धूळ, सोयाबीनच्या काढणीतला भुसा, वाळल्या गवताचा चुरा हे सगळे तिच्यात बसते. जाळी बुजली की इंजिनाचा जीव गुदमरतो. पेट्रोल जास्त खाते, धूर करते, ताकद कमी होते. धुळीच्या दिवसांत ती रोज पाहिली पाहिजे. जाळी स्पंजची असेल तर साबणाच्या पाण्यात धुवावी, पिळवटून न टाकता दाबून पाणी काढावे, सावलीत पूर्ण वाळवावी. पुस्तकात सांगितले असेल तर तेलाचे दोन थेंब टाकून मुठीत दाबावी. कागदाची असेल तर धुवू नये, हलके आपटून झटकावी, फाटली तर बदलावी. आणि जाळी काढून टाकून यंत्र कधीही चालवू नये. चाळणीवाचून पीठ एक वेळ चालेल, पण त्या यंत्रात गेलेली धूळ कानशीसारखी आतले लोखंड खाते.

तिसरी गोष्ट ठिणगी. प्लग काढला की त्याच्या तोंडाचा रंग पाहावा. कॉफीसारखा फिकट तपकिरी असेल तर यंत्राची प्रकृती ठीक. काळाकुट्ट, तेलकट असेल तर तेल जास्त झाले किंवा जाळी बुजली. पांढराफट्ट पडला असेल तर इंजिन जास्त तापते आहे. अशा वेळी काम थांबवून कारागिराला दाखवावे. वैद्य जीभ पाहून रोग ओळखतो, तसेच हे. तारेच्या बारीक ब्रशने प्लग साफ करावा, दोन टोकांतले अंतर पुस्तकाप्रमाणे ठेवावे. बहुधा ते अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरच्या दरम्यान असते.

इंजिनाच्या अंगावर पत्र्यासारख्या ज्या पट्ट्या असतात, त्यांतून वारा जाऊन ते थंड होते. त्यांत गवत अडकून तेलाबरोबर घट्ट बसते. दात घासायच्या जुन्या ब्रशाने आणि काडीने ते काढावे. यंत्र तांब्याने पाणी ओतून धुवू नये. ओलसर फडके, ब्रश आणि धीर एवढे पुरे.

कार्बोरेटरबद्दल एक सूचना. आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांना पंपाचा स्टो आठवत असेल. त्याचे तोंड बुजले की आपण पिन घालत होतो. कार्बोरेटरचे भोकही तसेच बुजते, म्हणून काहीजणी तिथेही पिन घालायला जातात. घालू नका. ते भोक मापाचे असते. तारेने मोठे झाले की यंत्र कायमचे बिघडते. ते काम जाणत्याचे.

आता करवतीकडे वळते. वळवाच्या वादळात बाभळीची खांडे नि लिंबाच्या फांद्या वाटेवर पडतात, ओढ्याकाठी वेडी बाभूळ माजते, तेव्हा ही करवत कामाची. पण आधी एक आठवण. उभे झाड तोडायचे तर आपल्याच रानातले असले तरी आंबा, चिंच, जांभूळ यांसारख्या झाडांना १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. आपल्या जिल्ह्यात मुळात रान थोडे. करवत हातात आहे म्हणून झाडाला हात लावायचा, असे होऊ नये.

या करवतीची एक गोष्ट तुम्हाला नवल वाटेल. साखळीला दाते लावून कापण्याची कल्पना पहिल्याने लाकडासाठी निघालीच नव्हती. १७८० च्या सुमारास स्कॉटलंडातल्या जॉन एटकिन नि जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी हाताने ओढायची लहान साखळी-करवत केली, आणि अडलेल्या बाळंतिणीला सोडवण्याच्या शस्त्रक्रियेतही ती वापरीत. पेट्रोलवरची लाकडाची करवत त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, १९२० नंतरच्या दशकात, जर्मनीत आली. बायकांच्या अंगावर चालून मग ती लाकडाकडे गेली. तेव्हा ती आमची वस्तू नव्हे, असे कोणी म्हणू नये.

करवतीला दोन टाक्या असतात. एक मिश्रण पेट्रोलची, दुसरी साखळीच्या तेलाची. जितक्या वेळा पेट्रोल भराल तितक्या वेळा हे तेलही भरा. तेल येते की नाही ते पाहायला करवतीचे टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर, पण त्याला न टेकवता, धरून थोडी गती द्यावी. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. पैसे वाचवायला ट्रॅक्टरचे जळके तेल घालू नये. त्यात लोखंडाचा कीस असतो, तो पंप नि पट्टी झिजवतो, आणि हाताच्या कातडीलाही ते वाईट.

साखळीचा ताण थंड असताना पाहावा. साखळी पट्टीला खालून चिकटलेली हवी, आणि हातमोजा घालून ओढली तर सहज फिरली पाहिजे. तापल्यावर ती लांबते, म्हणून मध्येच ताण द्यावा लागतो. पण काम संपल्यावर ती सैल करून ठेवावी, कारण थंड होताना आखडते.

धार गेली हे कसे ओळखावे? भुशावरून. करवतीतून जाड कीस उडत असेल तर धार आहे. पिठासारखा बारीक भुसा पडू लागला, की धार गेली. बोथट करवत दाबून चालवावी लागते, आणि दाबताना ती हातातून सटकते. विळीचे आपल्याला ठाऊकच आहे. बोथट विळीच बोट कापते. धार लावायला साखळीच्या मापाची गोल कानस घ्यावी. दात्याच्या आतून बाहेर, एकाच दिशेने, बहुधा तीस अंशांच्या कोनात, प्रत्येक दात्याला सारखेच हात द्यावेत. आधी एका बाजूचे सगळे दाते, मग दुसऱ्या बाजूचे. एका बाजूचे दाते लहान राहिले तर करवत तिरकी जाते. पूर्वी जाते गुळगुळीत झाले की टाकी लावून घेत असू, तशीच ही टाकी.

धार लावताना पट्टी काढून तिची खाच काडीने साफ करावी, तेलाचे भोक मोकळे करावे, आणि बसवताना पट्टी उलटी करून बसवावी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. यंत्र नुसते धुगधुगत असताना साखळी फिरता कामा नये. फिरत असेल तर काम बंद करून दुरुस्तीला द्यावे.

आणि टोकाबद्दल जपा. फिरत्या करवतीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर ती क्षणात उलटून अंगावर येते. म्हणून साखळीचा ब्रेक चालतो की नाही, हे रोज काम सुरू करण्याआधी पाहावे. खांद्याच्या वर करवत उचलू नये, एकटीने करवत चालवू नये. पदर खोचलेला असावा, पण त्याहून पूर्ण बाह्यांचा अंगरखा नि पायजमा बरा. पायांत बूट, डोळ्यांना चष्मा, कानांत बोळे हवेतच. या यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, आणि गेलेला कान परत येत नाही.

गवताच्या यंत्राचे वेगळे असे थोडेच. खाली जिथे पाते फिरते, तिथल्या गिअरच्या डब्याला ग्रीस लागते. साधारण वीस-पंचवीस तास काम झाले की भरावे. पाते वाकले, तडकले तर ठोकून सरळ करू नये, टाकून द्यावे. पुढचे झाकण अडचण होते म्हणून काढू नये. त्या पात्याने उडवलेला खडा गोळीसारखा जातो. पंधरा मीटरांच्या आत लेकरू नको, शेळी नको.

फवारणीच्या पंपाचे मात्र सर्वांनी लक्ष देऊन ऐका, कारण औषधाने भिजलेले कपडे आपणच धुतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. ते आपल्या जिल्ह्यापासून फार दूर नाही. पंप वापरल्यावर तीन वेळा स्वच्छ पाण्याने खळबळून, ते पाणी नळीतून बाहेर काढावे. ते पाणी फवारलेल्या रानातच सोडावे. ओढ्यात, विहिरीजवळ, जनावरांच्या हौदाजवळ नाही. नोझल बुजले तर तोंडाने फुंकू नये, तारही घालू नये. मऊ ब्रशाने साफ करावे. तणनाशकाचा पंप वेगळाच असावा. त्याचा अंश पंपात राहिला आणि तोच पंप कापसावर किंवा तुरीवर चालला, तर उभे पीक वाकडे होते.

कडबाकुट्टीला हात लावण्याआधी बटन बंद करून भागत नाही, वायर काढून ठेवावी. पाते साफ करताना कोणी दुसऱ्याने बटन दाबले तर काय होते, हे सांगायला नको. मोटारीला अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून पाहून घ्यावे. पेट्रोलच्या यंत्राचाही तोच नियम: साफसफाईपूर्वी प्लगची टोपी काढावी. टोपी काढलेले यंत्र चुकूनही सुरू होत नाही.

आता यंत्र ठेवायचे कसे? हंगाम संपला की टाकी रिकामी करावी, मग यंत्र सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होतो. प्लग काढून भोकात दोन-चार थेंब तेल सोडावे, दोरी हळूहळू तीन-चार वेळा ओढावी, प्लग परत लावावा. कोरड्या जागी खुंटीला टांगावे, नाहीतर उंदीर नळ्या कुरतडतात.

आणि कृपा करून यंत्र नि पेट्रोल स्वयंपाकघरात ठेवू नका. आपल्या घरांत जागा थोडी, म्हणून डबा चुलीमागच्या कोनाड्यात जातो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती दिसत नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि चुलीला किंवा गॅसच्या शेगडीला भेटते. भरतानाही इंजिन थंड होऊ द्यावे, आणि भरल्या जागेपासून चार पावले दूर जाऊन मगच दोरी ओढावी.

भगिनींनो, कोणी म्हणेल, हे सगळे पुरुषांचे काम. मी विचारते, का? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असे शेतकरी म्हणत, अशी गोष्ट सांगतात. पुढे त्याच घरातून १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले. मासिक बायकांच्या हाती आले. नांगराचा पाना मात्र पुरुषांच्याच हाती राहिला. पण आपल्या जिल्ह्याने दुसरेही पाहिले आहे. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर नि आपल्या जिल्ह्यात घरदुरुस्तीचा कार्यक्रम झाला. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांनी संवाद सहायक म्हणून काम केले, भिंत बळकट कशी करायची ते शिकून घेतले आणि इतरांना समजावले. ज्यांनी भिंती समजून घेतल्या, त्यांच्या लेकींना प्लग समजणार नाही काय?

घासणे, पुसणे, गाळणे, वाळवणे, मापाने घालणे, हे तर आपण जन्मभर करीत आलो. शिलाई मशीनला तेल घालणारा हात यंत्रालाही घालू शकतो. फक्त इतके दिवस आपण यंत्र चालवीत होतो, आणि बिघडले की घरधनी येईपर्यंत थांबत होतो. त्यामुळे काय बिघडले हे आपल्याला कळत नसे. आणि जिला कारण कळत नाही, तिच्यावर ठपका ठेवणे फार सोपे असते. त्या मुलीवर ठपका बसला तो यामुळेच. बैठकीत एकीला जरी प्लग काढून, टाकी हुंगून, तेल होते की नव्हते हे पाहता आले असते, तर आधी टाकी कोणी भरली हा प्रश्न निघाला असता. तो निघाला नाही, आणि माझे फावले.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपल्या जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? मडके भाजले की कच्चे, हे ते थापटण्याने वाजवून, कान लावून ओळखीत. आणि तशीच त्यांनी संतांचीही परीक्षा केली. यंत्राचाही कान लावून आवाज ऐकावा. रोजच्यापेक्षा वेगळा वाटला की थांबावे. त्या दिवशी बैठकीत थापटणे माझ्या डोक्यावर पडले असते, तर मडके कच्चे निघाले असते. आज थोडे भाजले गेले असेल, अशी आशा करते.

शेवटी एकच मागणी मंडळापुढे ठेवते. यंत्रांच्या खोलीत एक वही ठेवावी. यंत्र नेणारीने तारीख लिहावी, कोणत्या डब्यातले पेट्रोल घातले ते लिहावे, जाळी झटकली की नाही ते लिहावे, आणि परत ठेवताना सही करावी. सही येत नसेल तर अंगठा. आणि येत्या पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी झाली, की सगळ्यांनी दुपारी खोलीत जमावे. मी फडकी नि जुने ब्रश आणीन. हळद-लोण्याऐवजी तेल-ग्रीस असेल, एवढाच फरक.

ती मुलगी पुढेच बसली आहे, मान खाली घालून हसते आहे. पहिले पान तिने लिहावे, आणि त्यावर माझी सही साक्षीदार म्हणून असावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.